कोरलेली रेघ आणि हरताळ

‘लिहिणे’ या आपल्या रोजच्या क्रियापदाचे मूळ ज्या संस्कृत ‘लिख्’ धातूत आहे, त्याचा आरंभीचा अर्थ खरवडणे, ओरखडा काढणे असा आहे. ग्रीक ‘ग्राफेइन’, लॅटिन ‘स्क्रीबेरे’ आणि इंग्रजीतले ‘राइट’ या क्रियापदांची कुळकथाही अशीच ओरखड्यापाशी जाऊन पोचते. म्हणजे निरनिराळ्या समाजांनी लेखनाकडे प्रथम पाहिले ते एखाद्या पृष्ठभागावर काही ठेवण्याची क्रिया म्हणून नव्हे, तर त्यातून काही काढून घेण्याची, त्याला थोडी इजा करण्याची क्रिया म्हणून. ही व्युत्पत्ती मी वर्षानुवर्षे वर्गातल्या फळ्यावर लिहीत आले. विद्यार्थ्यांना ती आवडे. परीक्षेत ते ती उतरवीतही. मात्र तिच्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे हे माझ्या ध्यानात आले ते अध्यापनातून निवृत्त झाल्यावर, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तंजावरच्या राजवाड्यातल्या एका ओट्यावर. प्रश्न साधा आहे: जी रेघ पुसता येत नाही, तिची जबाबदारी कशी घ्यायची?

तंजावरला मी गेले होते ती सरस्वती महाल ग्रंथालयातली मराठी हस्तलिखिते पाहण्यासाठी. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली आणि १८५५ मध्ये कंपनी सरकारने ते संस्थान खालसा केले. या काळात कावेरीच्या काठी मराठी ही दरबाराची, कीर्तनाची आणि रंगभूमीची भाषा होती. शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ याच भूमीत लिहिले गेले, आणि मराठी नाटकाचा इतिहास सांगताना तंजावरला वगळून चालत नाही. ग्रंथालयाचा उगम नायक राजांच्या काळातला. त्याला आजचे रूप आले ते १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या विद्याव्यासंगामुळे. आणि १९१८ पासून ते सर्वांना खुले झाले. मराठी हस्तलिखितांची संख्याच तिथे तीन हजारांवर आहे. माझे टिपणांचे काम चालू असता दुपारची सुट्टी झाली आणि मी बाहेर येऊन कमानींच्या सावलीत एका ओट्यावर बसले. पिशवीत भाचीने दिलेला एक काळा फलक होता.

ही माझी भाची चित्रकला शिकविते. निघताना तिने तो फलक आणि दाभणासारखे एक टोकदार हत्यार हातात ठेवले आणि म्हणाली, “मावशी, आयुष्यभर तू दुसऱ्यांच्या कामात काय चुकलं ते सांगत आलीस. आता एकदा स्वतः चुकून बघ.” तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, थट्टा होती. परंतु थट्टेला लागणारे सत्य तिच्यात पुरेपूर होते.

या कलाप्रकाराला ‘स्क्रॅचबोर्ड’ म्हणतात. जाड पुठ्ठ्यावर पांढऱ्या चिनी मातीचा गुळगुळीत थर दिलेला असतो आणि त्यावर काळ्या शाईचा लेप. टोकदार हत्याराने काळा लेप खरवडला की खालचे पांढरे उघडे पडते. एकोणिसाव्या शतकात युरोपात हे तंत्र रुळले ते छपाईच्या गरजेपोटी. लाकडावर वा धातूवर कोरलेल्या चित्रासारखा स्पष्ट परिणाम त्यातून कमी श्रमात आणि कमी खर्चात साधे. आपल्याकडच्या शाळांतून मुले मेणखडूंच्या रंगांवर काळा रंग फासून तो खरवडतात, तो याच घराण्यातला बालखेळ. खेळ म्हणून तो सोपा वाटतो, आणि मीही तो तसाच हाती घेतला.

समोर राजवाड्याची एक कमान होती. मी तिची बाह्यरेषा कोरायला घेतली. पाच-दहा मिनिटांतच लक्षात आले की मी पेन्सिलीने कागदावर काढावे तसे काढीत होते. कागद पांढरा असतो आणि आपण त्यात काळे घालतो. म्हणून आपण वस्तूच्या कडा आणि सावल्या काढतो. इथे सावली आधीच सर्वत्र आहे. इथे काढायचा असतो तो उजेड. कमानीच्या आतला अंधार मला काढायचाच नव्हता, त्याला नुसते सोडून द्यायचे होते. काढायचा होता तो तिच्या कडेवर पडलेला दुपारचा प्रकाश. मी मात्र अंधाराभोवती पांढरी चौकट आखून बसले होते. परिणामी कमान दिसण्याऐवजी कमानीचा सांगाडा दिसू लागला. जिथे काही करायचे नाही तिथे हात आवरणे ही या कलेची पहिली अट आहे, आणि पहिल्याच प्रयत्नात मी तिच्यात नापास झाले.

दुसरी गोष्ट घडली ती अधिक बोचणारी. हत्यार निसटले आणि कमानीच्या मध्यभागी, जिथे गडद काळोख हवा होता नेमका तिथे, एक तिरपा पांढरा ओरखडा उमटला. पिशवीतल्या काळ्या पेनाने मी तो भरून काढला. काळ्यावर काळे बसले, पण चमक निराळी पडली. आणि फलक थोडा तिरपा धरताच ओरखड्याऐवजी ओरखडा झाकल्याची खूण दिसू लागली. मग तो सामावून घ्यावा म्हणून त्याच्या शेजारी आणखी रेघा ओढल्या. प्रत्येक दुरुस्तीने काळोख कमी होत गेला. एका ठिकाणी मी इतका जोर दिला की मातीचा पांढरा थरही निघाला आणि खालचा भुरा पुठ्ठा उघडा पडला. तिथे आता ना अंधार होता, ना उजेड.

आपल्या पिढीचे अक्षरशिक्षण ज्या क्रमाने झाले तो क्रम मला त्या ओट्यावर आठवला. आमच्या आजोबांच्या पिढीने धूळपाटीवर अक्षरे गिरवली होती. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे आणि हाताने सपाट करायचे. आमच्या वाट्याला दगडी पाटी आली. काळ्यावर पांढरे लिहायचे, चुकले की ओल्या फडक्याने पुसायचे. म्हणजे अक्षराची पहिली ओळख आपल्याला पुसण्याच्या सोयीसह करून दिली जाते, आणि ते योग्यच आहे. मुलाला चुकण्याचा अधिकार असलाच पाहिजे. परंतु पुढे कधीतरी पाटी जाते, कागद येतो, मग छापील पान येते. आणि पुसण्याची सोय गेली आहे हे आपल्याला कोणी बजावून सांगत नाही. वयाने आणि अधिकाराने मोठी झालेली माणसे मनातून मात्र पाटीवरच लिहीत राहतात.

ग्रंथालय पुन्हा उघडल्यावर मी आधी तिथल्या प्रदर्शन-दालनात गेले. काचेखाली ताडपत्रे मांडलेली होती. त्यांच्याकडे मी पूर्वीही पाहिले होते, पण अभ्यासकाच्या डोळ्यांनी. त्या दुपारी पाहिले ते हातातून एक ओरखडा निसटलेल्या माणसाच्या डोळ्यांनी. दक्षिणेत ताडपत्रावर शाईने लिहीत नसत, कोरीत असत. पाने उकळून, वाळवून, घोटून गुळगुळीत केली जात. लेखक ते पान डाव्या हातात धरी आणि उजव्या हातातल्या लोखंडी लेखणीने, जिला तमिळमध्ये ‘एळुत्ताणि’ म्हणतात, त्यावर अक्षर कोरी. आडवी सरळ रेघ तंतूंच्या दिशेने गेली तर पान फाटण्याचे भय. म्हणून दक्षिणी लिप्यांना गोलाई आली असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. तंजावरातले मराठी लेखन मात्र प्रामुख्याने कागदावरचे. आपली माणसे बोरू, दौत, बाळबोध आणि मोडी घेऊन इथे आली. एकाच राजवाड्यात लेखनाच्या दोन संस्कृती शेजारी शेजारी नांदल्या: एक शाई ठेवणारी आणि एक पान कोरणारी.

या दुसऱ्या संस्कृतीतली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. कोरलेले अक्षर कोरताक्षणी जवळजवळ दिसतच नाही. पिवळट पानावर तितकीच पिवळट खाच. सगळे पान कोरून झाले की त्यावर तेलात कालवलेली काजळी चोळतात आणि पान पुसून घेतात. वरची काजळी निघून जाते, खाचेतली राहते, आणि तेव्हा अक्षर काळेभोर उमटते. चूकही तेव्हाच उमटते. स्क्रॅचबोर्डवर रेघ चुकली तर ती लगेच डोळ्यांत खुपते. ताडपत्रावर चुकलेली रेघ काजळीची वाट पाहत थांबते.

माझ्या एका रेघेवर काजळी चढायला तीसहून अधिक वर्षे लागली. १९९१ साली, नुकतीच डॉक्टरेट मिळालेली असताना, एका वाङ्मयीन नियतकालिकात मी एका कवीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण लिहिले. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या त्या तरुणाने पदरमोड करून संग्रह छापला होता. कविता कच्च्या होत्या, हे माझे मत आजही बदललेले नाही. पण मी तेवढेच लिहिले नव्हते. कवितेवरून मी कवीच्या संवेदनशक्तीवर गेले, तिथून त्याच्या वाचनावर, आणि शेवटी एक वाक्य असे लिहिले की जे वाचून माझे सहकारी मनमुराद हसले. ते वाक्य कवितेविषयी नव्हते. ते माझ्या चतुराईविषयी होते. त्या वेळी ती खाच मला दिसली नाही. त्या कवीचा दुसरा संग्रह आला नाही, हे मला पुष्कळ उशिरा, एका सूचीचे काम करताना कळले.

इथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. माझ्या परीक्षणामुळेच तो लिहायचा थांबला असे मानणे ही पश्चात्तापाच्या वेषातली आत्मप्रौढी होईल. माणसे अनेक कारणांनी लिहिणे थांबवितात; पोटापाण्याची चिंता, आजार, घरातले प्रसंग, किंवा लिहिण्यासारखे काही उरले नाही ही प्रामाणिक जाणीव. परिणामाचा हिशेब मला लागत नाही आणि लागणारही नाही. परंतु कृतीचे मूल्यमापन केवळ परिणामावरून होत नाही. तो पुढे मोठा कवी झाला असता, तरी ते वाक्य तितकेच चुकीचे ठरले असते. फरक इतकाच, की मला त्याची आठवण राहिली नसती. रेघ चुकली ती ज्या क्षणी हात नको तिथे आणि नको तितक्या जोराने गेला त्या क्षणी. काजळी फक्त ती दाखविते.

हा प्रश्न नुसता मनातला राहिला असता तर या लेखाचे प्रयोजन नव्हते. पण याच सुमारास माझ्या निवडक परीक्षणांचा संग्रह निघायचा होता आणि ते परीक्षण त्यात घ्यायचे की नाही हे ठरवायचे होते. ते गाळावे असे मी जवळजवळ ठरविले होते. संपादनाला साहाय्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही तेच सुचविले होते. कोणी विचारणार नव्हते. जुन्या अंकांच्या ढिगाऱ्यात ते पान आपोआप विरून गेले असते.

आपल्या भाषेत या कृतीला नेमका शब्द आहे: हरताळ फासणे. ‘बंद’ या अर्थाचा हरताळ निराळा. हा हरताळ म्हणजे पिवळे खनिज. कागदी पोथी लिहिताना अक्षर चुकले तर लेखक त्यावर हरताळाचा लेप देत आणि त्यावर नवे अक्षर लिहीत. पोथीचा कागद पिवळसर असल्याने लेप बेमालूम मिसळून जाई. त्यावरून एखाद्या गोष्टीवर हरताळ फासणे म्हणजे ती नाहीशी करणे असा वाक्प्रचार रूढ झाला. संग्रहातून परीक्षण गाळणे हा हरताळच. आणि तो लावण्यात गैर काय, असे कोणी विचारील. पोथीचा लेखक तो लावी तो वाचकाच्या सोयीसाठी, पाठ शुद्ध राहावा म्हणून. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे आणि अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे, एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे अशी अपेक्षा त्यात केली आहे. शुद्धतेचा हा आग्रह थोर आहे. परंतु पोथीतल्या लेखकाची चूक पाठाबाबत होती. ती झाकल्याने पाठ सुधारे. माझी चूक एका माणसाबाबत होती. ती झाकल्याने सुधारणार होते ते फक्त माझे पुस्तक.

ताडपत्रावर हरताळाचा उपयोग नाही, कारण खाच झाकता येत नाही. म्हणून तिथल्या लेखकांनी दुसरी रीत अवलंबिली. चुकलेले अक्षर तसेच ठेवून त्याच्यावर वा खाली टिंबे द्यायची, किंवा त्याला एखादी रेघ मारायची. गळलेले अक्षर असेल तर काकपदाची खूण करून समासात वा ओळींच्या मध्ये ते भरायचे. वाचणाऱ्याला चूकही दिसते आणि ती चूक असल्याचे लेखकाला कळले होते हेही दिसते. हरताळ आणि काकपद यांतला फरक हा केवळ साधनांचा फरक नाही, हे मला त्या काचेपुढे उभी असताना जाणवले. हरताळ म्हणतो, हे घडलेच नाही. काकपद म्हणते, हे घडले, आणि ते असे घडायला नको होते. नीतीच्या दृष्टीने पाहता भूतकाळाशी माणसाचे जे प्रामाणिक नाते असू शकते, ते या दुसऱ्या वाक्यातच सामावलेले आहे असे मला वाटते.

याच परिसरात या विचाराला दोन साक्षी मिळतात. राजवाड्यापासून फार दूर नसलेल्या बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला; तो प्रचंड शिलालेख आजही भिंतीवर आहे. दगडावर कोरले म्हणजे ते कायमचे झाले, पण कायमचे झाले म्हणजे ते संपूर्ण सत्य झाले असे नव्हे. प्रत्येक राजवंश आपला इतिहास आपल्या बाजूने कोरतो, आणि दगडाच्या समासात काकपद घालायला कोणी येत नाही. उलट त्याच राजाच्या नेत्रचिकित्सेच्या नोंदी सरस्वती महालात आहेत. एकेका रुग्णाच्या डोळ्याचे चित्र काढून त्याच्या विकाराची आणि उपचाराची हकीकत तिथे टिपलेली आहे. डोळ्याला लावलेला हात मागे घेता येत नाही. आणि कदाचित म्हणूनच ज्याला हे कळते तो इतक्या बारकाईने नोंद ठेवतो. एकाच राजाचे हे दोन लेख. पहिल्यात वंशाचा गौरव आहे. दुसऱ्यात समोरच्या एका माणसाचा डोळा आहे. टीकाकाराने कोणाचा कित्ता गिरवावा याविषयी मला आता शंका उरलेली नाही.

राजवाड्याबाहेरच्या दुकानांतून तंजावर शैलीची चित्रे टांगलेली असतात. फळीवर कापड, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप, त्यावर उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे: ही सगळी भर घालण्याची कला. तिच्यात चुकले तर वरून आणखी एक थर देता येतो. सर्जनशील लेखकाला असे काही स्वातंत्र्य असते. टीकाकाराचा व्यवसाय मात्र खरवडण्याचा. दुसऱ्याच्या निर्मितीवरचा काळा लेप दूर करून खालचा उजेड दाखवावा हीच त्याची प्रतिज्ञा. ती खोटी नाही. पण तिच्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, फलक दुसऱ्याचा आहे. आणि दोन, खरवडण्यालाही एक खोली असते. तिच्यापलीकडे गेले की उजेड लागत नाही, पुठ्ठा लागतो. कच्च्या कवितेला कच्ची म्हणणे हे काळ्या थरापुरते होते आणि ते माझे कर्तव्य होते. माझे शेवटचे वाक्य पुठ्ठ्यापर्यंत गेले. टीका कठोर असावी की सौम्य, हा आपल्याकडे वारंवार झडणारा वाद मला म्हणूनच चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. प्रश्न जोराचा नाही, खोलीचा आहे. कुठे थांबायचे ते हाताला कळते की नाही याचा आहे.

शेवटी मी ते परीक्षण संग्रहात ठेवावे आणि त्याच्या तळाशी आजची टीप जोडावी असे ठरविले. लगेच दुसरी अडचण पुढे आली. ताडपत्र लेखकाचेच असते. त्यावर टिंबे द्यायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. इथे पान माझे असले तरी खाच दुसऱ्या माणसावर आहे. माझे मन हलके व्हावे म्हणून ते वाक्य पुन्हा छापणे म्हणजे त्याच जागी पुन्हा हत्यार चालविणे होऊ शकते. कबुलीलाही खोलीची मर्यादा असते. म्हणून परगावाहून परतल्यावर मी त्या कवीचा पत्ता मिळविला आणि त्याला पत्र लिहिले. कवितांविषयीचे माझे मत तेच आहे, शेवटचे वाक्य मात्र चुकीचे होते आणि ते लिहायला नको होते, एवढे दोनच मुद्दे त्यात मांडले. आणि ते परीक्षण टिपेसह छापावे, गाळावे की त्यातले ते एक वाक्य रेघ मारून ठेवावे, हे त्याने सांगावे असे विचारले. क्षमा मागितली नाही. कारण मागितली की ती देण्याचा भार त्याच्यावर पडतो. हे लिहीत असताना उत्तर आलेले नाही, आणि ते यावेच असा माझा हक्कही नाही. तोवर संग्रहाचे काम थांबविले आहे.

तो फलक भाचीला परत दाखविला. तिने तो तिरपा धरून पाहिला, पेनाने भरलेली जागा तिला लगेच सापडली. “हे झाकायला नको होतंस, मावशी,” ती म्हणाली, “ओरखडा राहू दिला असतास तर पुढच्या वेळी कुठे थांबायचं ते कळलं असतं.” तिने दिलेला दुसरा कोरा काळा फलक माझ्या टेबलावर आहे. अजून त्याला हात लावलेला नाही. कमानीतला अंधार कुठे सोडून द्यायचा, ते आधी ठरवीत आहे.